जुन्या डिझेल ट्रकच्या फ्युएल हीटरमधून गळती: दुरुस्त करावा की काढूनच टाकावा?

पानाबारा
मंडळी, जुन्या ट्रकवाल्यांसाठी धागा काढतोय. विषय फ्युएल हीटर, म्हणजे थंडीत डिझेल गोठू नये म्हणून ते गरम करणारा विजेचा हीटर. कॉमन रेलवाल्यांचंही (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या डिझेल गाड्या) स्वागत, पण तुमचं प्रकरण वेगळं हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी सहा सिलिंडर, इनलाइन मेकॅनिकल पंप, १२ व्होल्ट, दोन बॅटऱ्या. डिझेलचा मार्ग असा: टाकी, तिथून फ्युएल हीटर (त्याच्याच खाली जाळीची वाटी), मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), मग मेन फिल्टर, मग इंजेक्शन पंप. हीटर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, मागच्या अंगाला अशा अडचणीत बसवलाय की हात घातला तर दिसत नाही आणि डोकं घातलं तर हात जात नाही.

टाकी काठोकाठ भरली की रात्रभरात बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधला घंटेसारखा भाग) डिझेलचं थारोळं. टाकी निम्म्याखाली गेली की एक थेंब नाही, पण मग सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी दमते. शेवटी इंजिन धरतं, पांढरा धूर ओकतं, थोडा वेळ आरपीएम वरखाली होतो आणि नंतर दिवसभर काही झालंच नाही अशा थाटात गाडी पळते. गॅरेजवाल्याचं म्हणणं, हे दोन वेगळे फॉल्ट आहेत, हीटर आणि फीड पंप दोन्ही बदला. मला काही ते पटत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टॉपगिअर
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडेही हेच रामायण चालू आहे.

वंगण
फॉल्ट एकच आहे. पंपाला हात लावू नका.

तुमचा हीटर फीड पंपाच्या आधी आहे, म्हणजे सक्शन बाजूला. इंजिन चालू असताना पंप ओढतो, त्यामुळे त्या भागात दाब नसतो, उलट थोडी पोकळी असते. भेग असेल तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. म्हणून चालू गाडीखाली तुम्हाला थेंब दिसत नाही. इंजिन बंद झाल्यावर खेळ पातळीचा. टाकीतलं डिझेल हीटरपेक्षा वर असेल तर सायफनने येऊन भेगेतून ठिबकतं. पातळी खाली असेल तर भेगेतून हवा आत शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी फीड पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते, तोवर तुम्ही सेल्फ मारत बसता. भरल्या टाकीला गळती, रिकाम्या टाकीला उशिरा स्टार्ट, ही जोडी दिसली की सक्शन लाइन कुठेतरी हवा धरतेय हे नक्की.

खात्री करायची असेल तर टाकी अर्धी असताना गाडी एकदा नाक उताराकडे करून लावा, एकदा चढाकडे. तुमच्या गाडीत टाकी हीटरच्या मागे आहे, म्हणजे उताराला ठिबकायला हवं आणि चढाला स्टार्टिंगचा त्रास वाढायला हवा. तसं झालं तर आणखी पुरावा नको.

मात्र हीटरच गळतोय हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्या कोपऱ्यात परतीची रबरी नळी असते, फिल्टरकडे जाणारी नळी असते, बँजो बोल्ट (नळी जोडणारे पोकळ बोल्ट) असतात. डिझेल वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं, म्हणून थेंब जिथे दिसतो तो भाग बिचारा उगाच बदलला जातो. आधी सगळं डीग्रीझरने धुवा, हवेने कोरडं करा आणि टाल्कम पावडर भुरभुरवा. टाकी भरा. उभी ठेवा. पांढऱ्यावर गडद डाग पहिल्यांदा जिथे उमटतो तो तुमचा आरोपी.

डिझेलफकीर
इतका खटाटोप कशाला? हीटर काढा, नळी थेट फीड पंपाला जोडा, विषय संपला. मी कधीच काढून फेकलाय.

वंगण
@डिझेलफकीर, नळी थेट जोडली म्हणजे जाळीही गेली. फीड पंपाच्या आत दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. टाकीतला गंजाचा एक कण त्यांच्या सीटवर बसला की पंप दाब धरत नाही. हीटर काढायचा तर काढा, पण पंपाच्या आधी जाळी किंवा छोटा प्री-फिल्टर ठेवाच. तोही मोठ्या भोकांचा. सक्शनला बारीक फिल्टर लावला की पंपाला ओढायला त्रास होतो आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

डिझेलफकीर
जाळीचा मुद्दा मान्य. हीटरचा नाही. रिफायनरीवाले हिवाळ्यात डिझेल बदलतातच की.

हिमाळू
बदलतात, पण तुमच्या टाकीत आधीचं उरलेलं असतं त्याचं काय? डिझेलमध्ये मेण असतं, म्हणजे पॅराफिन. थंडीत ते आधी धुकट दिसायला लागतं, त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. आणखी थोडं खाली गेलं की मेणाचे कण फिल्टरवर थर धरतात आणि इंजिन चालता चालता उपाशी मरतं. उन्हाळी डिझेलचा क्लाउड पॉइंट शून्याच्या आसपास, कधी किंचित वरही असू शकतो. मी जिथे गाडी चालवतो तिथे पहाटे पारा उणे वीसच्या खाली जातो. तिथे हीटर काढ म्हणणाऱ्याला मी माझ्या जागी एक रात्र बसवीन.

ज्यांच्याकडे पाणी कधी गोठतच नाही त्यांनी खुशाल काढावा. त्यांच्या गाडीत तो गळती लागण्यापुरताच असतो.

पानाबारा
सगळ्यांचे आभार. उताराचा प्रयोग केला, वंगण म्हणाले तसंच झालं. धुऊन पावडरही मारली.

गंमत अशी की पहिला डाग हीटरच्या बॉडीवर नाहीच, इलेक्ट्रिक कनेक्टरवर आहे. कनेक्टर उपसला तर आत पिनांभोवती डिझेल. आणि वायरिंगची काळी टेप हीटरपासून हातभर लांब असलेल्या फाट्यापर्यंत ओली, चिकट. तिथे तर डिझेलची नळी जातच नाही! वाटीच्या कडेलाही नंतर हलका ओलसरपणा दिसला, पण तो कनेक्टरवरून ओघळलाय की तिथलाच आहे कळत नाही.

काळाधूर
तांब्याच्या तारांमधून चढलंय ते. बहुतारी वायर असते, तारांमधल्या बारीक फटींतून डिझेल दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं इन्सुलेशनच्या आतल्या आत सरकतं आणि जिथे जोड उघडा असेल तिथे बाहेर पडतं. मी एका गाडीत याच कारणाने रिलेच्या बेसमध्ये डिझेल पाहिलंय. मालक रिले बदलत होता.

कनेक्टरमधून डिझेल येतंय म्हणजे पिना जिथे बॉडीतून आत जातात तिथलं पॉटिंग, म्हणजे ते काळं भरलेलं मटेरियल, सुटलंय. हीटर गरम-गार होतो, तांबं वेगळं फुगतं, प्लास्टिक वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. वर्षानुवर्षं हे चाललं की पिनेभोवती केसाएवढी फट पडते. तिथे ओ-रिंग नाही, बदलायला काही नाही.

आज लगेच करायचं काम म्हणजे हीटरचा फ्यूज काढा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) ५० अंशांच्या वर असतो, हे खरं. पण डिझेलने भिजलेली पिन, सैल संपर्क आणि त्यातून वीस-पंचवीस अँपिअर, हे एकत्र नको.

जुगाडू
पिनांच्या बाजूने दोन भागांचं इपॉक्सी भरा. काम झालं.

काळाधूर
भरून पाहा, पण कुठून भरताय ते बघा. बाहेरून भरलेलं इपॉक्सी डिझेल मुरलेल्या पृष्ठभागावर बसतं, म्हणजे बसतच नाही. ब्रेक क्लीनरने कितीही पुसा, फटीतलं डिझेल पुन्हा झिरपून वर येतं. टिकवायचं असेल तर हीटर बाहेर काढून, आतलं पूर्ण वाळवून, आतल्या बाजूनेच भरायला हवं. आणि ते इपॉक्सी डिझेलमध्ये कायम बुडून राहायला चालणारं हवं. एवढं करूनही गरम-गार होण्याचं चक्र चालूच राहणार. रस्त्यात अडकलात तर ठीक, कायमचा इलाज म्हणून मी सुचवणार नाही.

सिलिकॉन गॅसकेट मेकर तर अजिबात नको. डिझेलमध्ये ते फुगतं, लिबलिबीत होतं, तुकडे सुटतात आणि पुढे जाऊन अडकतात. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको, तिचेही तुकडे सुटून पुढे अडकतात.

फ्यूजबॉक्स
हीटर ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी तो चालतोय का ते तरी बघा. मल्टीमीटर लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हीटरच्या आत थर्मोस्टॅट असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो साधारण ७ अंशांच्या खाली सर्किट जोडतो आणि २४ च्या आसपास तोडतो. म्हणून उबदार दिवशी मोजलंत तर मीटर ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवेल आणि चांगला हीटर मेलेला वाटेल. काढलेला हीटर पिशवीत घालून बर्फात ठेवा, चांगला गार झाला की मोजा. १२ व्होल्टवर ३०० वॉटचा असेल तर जेमतेम अर्धा ओम येईल. २४ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटला दोन ओमच्या आसपास. एवढ्या कमी ओमला मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही मोजला जातो, आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा.

गार करूनही ओपन असेल तर तुम्ही एवढी वर्षं हीटरशिवायच गाडी चालवताय. मग निर्णय सोपा.

रबरी
वाटीचा ओलसरपणा दुर्लक्षू नका, पानाबारा. जुन्या गाड्यांतल्या बहुतेक ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या. पूर्वीच्या डिझेलमध्ये ॲरोमॅटिक घटक जास्त असायचे, ते रबरात मुरून रबर जरा फुगलेलं राहायचं. सल्फर कमी करण्याची प्रक्रिया करताना हे घटकही कमी होतात. मग वर्षानुवर्षं फुगून राहिलेली, वयाने कडक झालेली ओ-रिंग आकसते आणि कालपर्यंत कोरडा असलेला जोड पाझरायला लागतो. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा जुन्या गाड्यांच्या पंपांतून आणि जोडांतून अशाच गळत्या सुरू झाल्या होत्या. शिव्या सल्फरला पडल्या, खरं कारण हे.

म्हणून आता बदलताय तर व्हायटनच्या (इंधनात टिकणारं फ्लोरोरबर) घ्या. फक्त ज्यांची गाडी हिमाळूंसारखी कडाक्याच्या थंडीत असते त्यांनी ग्रेड विचारून घ्यावी, साधं व्हायटन उणे वीसच्या आसपास ताठर होतं. तिथे थंडीसाठीचं नायट्राइल बरं.

जुनी ओ-रिंग मोजून तिच्यावरून माप काढू नका, ती दबून चपटी झालेली असते. खाचेचं माप घ्या.

डिझेलफकीर
ओ-रिंग, बर्फ, इपॉक्सी... अजूनही म्हणतो, काढा तो हीटर.

पानाबारा
काढला!

आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह सोडले. टाकीकडून येणारी नळी चिमट्याने दाबून मग सोडली, नाहीतर सायफन सुरू होऊन बाहीतून कोपरापर्यंत डिझेल येतं. वाटी हाताने सुटेना, पट्ट्याच्या पान्याने सुटली. ओ-रिंगचा गोल आकार गेलेला, एका बाजूने पार सपाट, आणि नखाने दाबली तर खूण उमटायच्या ऐवजी तुकडा पडला. खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा. जाळीवर काळपट चिकट थर आणि गंजाचे कण, म्हणजे वंगण यांचा जाळीचा आग्रह रास्तच होता. हीटर बर्फात गार करून मोजला, ओपन. मेलेला.

थोडक्यात, गळत्या दोन होत्या. कनेक्टर आणि वाटी.

माझ्याकडे थंडी बेताची, पारा शून्याला टेकत नाही. हीटरची आता गरज नाही, पण बॉडी आणि जाळी ठेवायची आहे. एलिमेंट चार बोल्टांवर बॉडीत बसतं. त्या जागी काय लावू?

लेथवाला
ॲल्युमिनियमची जाड पट्टी घेऊन एलिमेंटच्या फ्लँजच्या (बोल्टांची भोकं असलेली सपाट कड) आकाराची झाकणी कापा. पातळ पत्रा नको, बोल्ट आवळताना मधे कमान धरतो आणि ओ-रिंगला सगळीकडे सारखा दाब मिळत नाही. मूळ फ्लँजवर ओ-रिंगची खाच असेल तर झाकणीवर तीच खाच त्याच खोलीची पाडून घ्या. बॉडीचा चेहरा सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा, हातात पेपर धरून नाही. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, जोर दाखवलात तर आटे हातात येतील.

खाचेतला पांढरा भुगा लाकडी काडीने खरवडा. पेचकसाने ओरखडा काढलात तर नवीन ओ-रिंगही तिथूनच पाझरणार. बसवताना ओ-रिंगला डिझेलचा हात लावा, कोरडी बसवली तर पिळते.

काळाधूर
आणि कनेक्टर तसाच लटकत सोडू नका. फ्यूज काढलेलाच ठेवा, हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) टोक साफ करून, सील करून वर बांधा. ओली झालेली वायर कोरड्या भागापर्यंत कापूनच टाका.

बँजो सोडलेच असतील तर तांब्याचे वायसर नवीन घाला. नसतील मिळत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ पडतात. चेहऱ्यावर चर पडलेला असेल तर मात्र फेकाच.

पानाबारा
झाकणी बसली, ओ-रिंगा व्हायटनच्या, वायसर नवीन. टाकी भरून रात्रभर उभी ठेवली, पावडर पांढरीशुभ्र. पण अर्ध्या टाकीला सकाळचं स्टार्टिंग सुधारलं तरी पूर्ण बरं नाही. हवा नीट निघाली नसेल का?

वंगण
हवा कशी काढलीत? फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून फीड पंपाचं हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचं बटण) दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. प्रायमर दाबताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर पंप ढकलणारा कॅम उंचावर थांबलाय, इंजिन थोडं फिरवून पुन्हा बघा. सेल्फने हवा काढायला जाऊ नका. मारलाच तर एका वेळी तीस सेकंदांच्या वर नाही, आणि मधे दोन मिनिटं थंड होऊ द्या, नाहीतर स्टार्टरचा धागा काढावा लागेल.

हे सगळं केलं असेल आणि तरीही त्रास असेल, तर हवा उरलेली नाही, नवीन येतेय. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीचे बुडबुडे सोडून द्या. पाच मिनिटांनीही मण्यांची माळ चालूच असेल तर टाकीकडून हवा येतेय. नळीत काही नसेल तर पंपापासून पुढे बघा. नळी फक्त तपासणीपुरती, कायम ठेवू नका, उष्णतेने कडक होऊन चिरते.

पानाबारा
माळ चालू होती. टाकीकडची नळी दाबत दाबत मागे गेलो. चेसिसच्या लोखंडी पाइपला जिथे रबरी नळी जोडलीय तिथे क्लिपच्या कडेला नळी वाकवली तर बारीक उभ्या भेगा उघडल्या. बाहेरून ओलसरपणा नव्हता, कारण तो जोड सगळ्यात खाली असूनही त्यावर मातीचा लेप बसला होता आणि डिझेल तो लेपच पीत होता. नळी बदलली, एसएई जे३० आर९ दर्जाची (इंधनाच्या नळ्यांचं मानक), आणि क्लिपा सलग पट्ट्याच्या घेतल्या. भोकं पाडलेल्या पट्ट्याच्या क्लिपेखाली रबर वर येऊन कापलं जातं, जुन्या नळीवर तसे काप स्पष्ट होते. आता माळ बंद. अर्ध्या टाकीला पहिल्या सेल्फला इंजिन धरतं.

फीड पंप जुनाच आहे.

टॉपगिअर
माझ्या हीटरमध्ये एलिमेंट चांगलं आहे, फक्त वाटी गळत होती. ओ-रिंग बदलून भागलं. धन्यवाद पब्लिक.

हिमाळू
मी मात्र अख्खी असेंब्ली शोधून बसवली, कारण मला पर्याय नाही. नवीन कनेक्टरच्या तोंडाला डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं) भरलं आणि वायरला हीटरजवळ क्लिप मारली, म्हणजे कंपनांचा ताण पिनांवर येत नाही. निदान ते पॉटिंग थोडं जास्त जगेल.

नवशिक्या७
धागा उशिरा वाचला. माझा हीटर फिल्टरच्या डोक्यातच आहे, फीड पंपाच्या नंतर. उभी असताना कोरडी, चालू असताना थेंब. वरचंच सगळं लागू होतं का?

वंगण
नाही, तुमचं उलटं आहे. तुमच्या इथे चालू इंजिनला दाब असतो, त्यामुळे हवा शिरत नाही, डिझेल बाहेर फेकलं जातं, आणि जितका रेस वाढवाल तितकं जास्त. स्टार्टिंगचा त्रास कमी, आगीचा धोका जास्त. फिल्टर हेड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या बाजूला असेल तर गळती मिटेपर्यंत गाडी काढूच नका, तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल पेटायला ठिणगीचीही गरज नसते. उघडण्याआधी इंजिन थंड करा, ब्लीड स्क्रू सोडून दाब उतरवा, फडकं धरा. फिल्टर आणि हीटर यांच्यामधली ओ-रिंग आधी बघा. फिल्टर बदलताना जुनी रिंग वर चिकटून राहते आणि तिच्यावर दुसरी बसवली जाते, तुमच्या वर्णनावरून मला तोच संशय आहे. आणि हीटरचा मधला पोकळ बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. हेडचा एक फोटो टाका, कनेक्टर कुठल्या बाजूला आहे ते कळेल.